भडंग हलकं, पार्सल जड

‘ताई, नमस्कार. मी सांगलीवाडीची. दोन वर्षांपूर्वी घरातून भडंग, हळद पावडर आणि तासगावचा बेदाणा ऑनलाइन विकायला लागले. भडंग सासूबाई करतात, पॅकिंग मी आणि जाऊबाई. इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲपवरून ऑर्डर येतात. गेल्या दिवाळीच्या महिन्यात 499 रुपयांचे 160 “सांगली कॉम्बो” गेले. जवळजवळ ऐंशी हजारांची विक्री! पण महिना संपला तेव्हा चुरमुरेवाला आणि खोकीवाला मिळून आठेक हजारांची उधारी डोक्यावर. पैसे जातात कुठं? कुरिअरवाला वजन वाढवून लावतो असा मला संशय आहे. एक किलोच्या पार्सलला अडीच किलोचं बिल! मिस्टर म्हणतात, बंद कर हे खूळ. मला वाटतं माल थोडा म्हणून नफा थोडा. पाटल्या ठेवून तीन लाख उचलावेत आणि यंदा दिवाळीला 600 कॉम्बो काढावेत. शिवाय मिलिटरीतून बोलतोय म्हणणाऱ्या एका साहेबांनी 40 किलो भडंग मागितलंय. पैसे पाठवण्यासाठी ते मला क्यूआर स्कॅन करायला सांगतात. काय करू? सोबत महिन्याची यादी आणि बिलं जोडली आहेत. — एक भडंगवाली’

ताई, तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण त्याला थांबायला वेळ नाही. त्या साहेबांचा नंबर आत्ताच्या आत्ता ब्लॉक करा. यूपीआयवर पैसे घ्यायला ना काही स्कॅन करावं लागतं, ना पिन टाकावा लागतो. पिन टाकला की पैसे आपल्या खात्यातून जातात, येत नाहीत. गणवेशातला फोटो, ओळखपत्र, ‘जय हिंद मॅडम’ हा सगळा त्या नाटकाचा सरंजाम. चुकून स्कॅन झालंच असेल तर 1930 या सायबर मदत क्रमांकावर लगेच फोन करा. अशा वेळी एकेक तास मोलाचा असतो. आणि इथून पुढं पैसे आल्याचा स्क्रीनशॉट कुणीही पाठवला तरी तो पैसा मानू नका. बँकेच्या ॲपमध्ये रक्कम दिसली की मगच खोक्याला चिकटपट्टी.

आता कुरिअरवाला. उत्तर लिहिण्याआधी मी एक आगाऊपणा केला. पुण्याला कोथरूडमध्ये माझी बहीण राहते, तिच्या पत्त्यावर तुमचा एक कॉम्बो मागवला, कॅश ऑन डिलिव्हरीनं. पार्सल आलं तेव्हा तिला खोकं टेपनं मोजायला सांगितलं. लांबी 30 सेंटिमीटर, रुंदी 25, उंची 15. आत अर्धा किलो भडंग, 200 ग्रॅम हळद, पाव किलो बेदाणा, आणि उरलेल्या जागेत चुरगळलेली वर्तमानपत्रं. काट्यावर सगळं मिळून एक किलोच्या किंचित वर.

पण कुरिअर कंपनीचा काटा वेगळा असतो. तिच्या गाडीत वजन आधी संपत नाही, जागा आधी संपते. म्हणून ती लांबी, रुंदी, उंचीचा गुणाकार करून त्याला 5000 नं भागते आणि येईल ते किलो धरते. तुमच्या खोक्याचा गुणाकार 11,250. भागाकार सव्वादोन किलो. अर्ध्या किलोच्या टप्प्यात वर गेलं की अडीच. प्रत्यक्ष वजन आणि हे घनफळी वजन यांतलं जे जास्त, त्याचं बिल. माणूस फसवत नाही, ताई. तुम्ही दर पार्सलमागे दीड किलो हवा कोथरूडला पाठवताय आणि तिचं भाडं भरताय.

आपल्या सांगलीच्या मालात ही एक गंमतच आहे. भडंगासारखी जागाखाऊ वस्तू नाही आणि हळदीसारखी आटोपशीर वस्तू नाही. दोन्ही एकाच खोक्यात घातल्या की भाडं भडंगाच्या हिशोबानं लागतं. किराणा दुकानात हे कळत नाही, कारण गिऱ्हाईक पिशवी स्वतः उचलून नेतं. माझ्या वडिलांचं गणपती पेठेत दुकान होतं. चुरमुऱ्याचं पोतं ते माळ्यावर टाकायचे आणि म्हणायचे, ‘हे भाडं न देणारं बिऱ्हाड आहे.’ तुमच्याकडं ते बिऱ्हाड भाडं वसूल करतंय.

तर वही काढा. एका पार्सलचा हिशोब एका पानावर मांडू. आकडे तुमच्याच बिलांतले आहेत, मी फक्त ओळीत लावले. भडंगाचा माल आणि गॅस 75, हळद 50, बेदाणा 100, पिशव्या-लेबल-खोकं 35. झाले 260. कुरिअर 140. जाहिरातीला महिन्याला 9,600 घातलेत, ते 160 ऑर्डरींत वाटले की 60. म्हणजे 460. ज्यांनी आधी पैसे भरले त्यांच्याकडून 499 आले, तुमच्याकडं 39 राहिले. अशी पार्सलं फक्त 40. बाकी 120 कॅश ऑन डिलिव्हरीची. त्यातल्या 98 जणांनी पार्सल घेतलं, आणि रोख गोळा करण्याचे कुरिअरनं प्रत्येकी 40 कापले. खर्च 500. विकलंत 499 ला. बहिणीनं तुमचं पार्सल घेतलं तेव्हा तुमचा एक रुपया बुडाला.

आणि 22 परत आली. ही खरी जखम. जातानाचे 140, येतानाचे 120, जाहिरातीचे 60, फाटकं खोकं आणि पिशव्या 35, आणि दहा दिवस फिरून आलेलं भडंग टाकूनच द्यावं लागतं, ते 75. एका परतीला 430 रुपये. हळद-बेदाणा वाचला असं धरूनच हा आकडा आहे. एक परत आलेलं पार्सल भरून काढायला आगाऊ पैसे भरणारी अकरा गिऱ्हाइकं लागतात. तुमच्याकडं ती चाळीसच होती. सगळी बेरीज-वजाबाकी केली की महिन्याचा तोटा 7,998 रुपये. तुमची उधारी किती म्हणालात? आठेक हजार. पैसे कुठं गेले नाहीत, ते मुळात आलेच नव्हते.

शिवाय या हिशोबात सासूबाईंची पहाटेची शेगडी नाही, तुमच्या दोघींची मजुरी नाही. तीन बायका महिनाभर फुकट राबल्या आणि वर आठ हजार देऊन बसल्या. मिस्टरांना हे पान दाखवू नका असं मी म्हणणार होते. पण दाखवाच. ते ‘बंद कर’ म्हणतात कारण त्यांना उधारी दिसते. तुम्ही ‘वाढव’ म्हणता कारण तुम्हाला ऑर्डरी दिसतात. पान दोघांनाही दिसलेलं नाही.

आपल्याकडं हरिपूरला हळद पेवांत ठेवायचे, जमिनीखाली, तोंड मातीनं लिंपून. 2005 च्या पुरानं त्यातली कितीतरी पेवं बुडवली. त्याआधी वर्षानुवर्षं हा व्यवहार बिनबोभाट चालला, पण पेव उघडल्याशिवाय आत काय उरलंय हे कुणाला सांगता येत नसे, आणि उघडल्यावरही आतली कोंडलेली हवा जाईपर्यंत कुणी खाली उतरत नसे. तुम्ही दोन वर्षांनी पेव उघडलंय. लगेच तीन लाख घेऊन आत उडी मारू नका.

पाटल्या कपाटातच राहू द्या. आहे त्याच हिशोबानं 160 च्या जागी 600 कॉम्बो काढले तर तोटाही त्याच पटीत, तीस हजारांच्या घरात जाईल. वर सोन्याचं व्याज. भडंग साठवायची वस्तूही नाही, तेल लागलेला चुरमुरा किती दिवस टिकतो ते तुमच्या सासूबाई माझ्यापेक्षा चांगलं सांगतील. कधी काळी भांडवल घालायचंच झालं तर हळदीत घाला, आणि तेही दिवाळीच्या तोंडावर नाही. नवी हळद फेब्रुवारीपासून मार्केट यार्डात यायला लागते, तेव्हा वर्षाची घेऊन ठेवता येते.

आता दुरुस्ती. खोकं बदला: 24 बाय 18 बाय 11. याचं घनफळी वजन 950 ग्रॅम. भडंग 500 ऐवजी 400 ग्रॅम करा म्हणजे खरं वजनही किलोच्या आत बसेल, काट्यावर घालून खात्री करा. पाकिटावर 400 ठळक छापा आणि किंमत 479 करा. शंभर ग्रॅम गुपचूप कमी करून जुनीच किंमत लावणं हा बारका लबाडपणा गिऱ्हाइकाच्या फार लवकर लक्षात येतो. तुमच्याच कुरिअरच्या दरपत्रकात एक किलोला 75 रुपये आहेत. माल आणि पॅकिंग मिळून 240, कुरिअर 75, जाहिरात 60, एकूण 375. आगाऊ पैशांच्या पार्सलवर 104 उरतात. त्यातून 479 वरचा 5 टक्के जीएसटी बाजूला काढलात तरी ऐंशीच्या वर. 39 कुठं आणि 80 कुठं! खोकं बंद केल्यावर ते काट्यावर ठेवून आणि शेजारी टेप लावून एक फोटो काढत चला. कुरिअरशी वाद झाला तर त्या फोटोशिवाय तुमचं कुणी ऐकणार नाही.

नुसतं भडंग हवं म्हणणाऱ्यांना कुरिअरनं पाठवूच नका असं मी सांगेन. पुण्याच्या ऑर्डरी आठवडाभर साठवा आणि शुक्रवारी एका मोठ्या पोत्यात घालून ट्रॅव्हल्सनं तिथल्या नातेवाइकाकडं पाठवा. निम्मी सांगली पोरांना पुण्याला डबे असेच पाठवते. लोक तिथून घेऊन जातील, किंवा स्थानिक डिलिव्हरी लावता येईल.

कॅश ऑन डिलिव्हरी एकदम बंद करू नका, गिऱ्हाईक बिथरेल. पण ती फुकट ठेवू नका. ऑर्डर आली की शंभर रुपये यूपीआयनं आगाऊ मागा, उरलेले दारात. शंभर रुपये ज्याला द्यायचे नाहीत, त्याला भडंगही घ्यायचं नसतं. सगळे पैसे आधी भरणाऱ्याला तीस रुपये सूट द्या. तुमचे रोखीचे 40 वाचतातच. आणि पार्सल निघण्याआधी एक फोन: ‘ताई, परवा पोचेल, घरी आहात ना?’ तुमच्या यादीतल्या 22 परतींपैकी 9 ठिकाणी कुरिअरनं शेरा मारलाय, ‘ग्राहक उपलब्ध नाही’. दिवाळीच्या आठवड्यात पुण्यातला माणूस गावी गेलेला असतो, कुठं म्हणून काय विचारता, कदाचित सांगलीलाच!

परत आलेलं पार्सल त्याच दिवशी उघडा, आणि उघडताना मोबाइलवर चित्रीकरण करा. हे मी ठेच लागून शिकले. काही वर्षांपूर्वी मी इचलकरंजीहून सुती साड्या आणून एका मोठ्या ॲपवर विकत होते. परत आलेली खोकी गावभागातल्या घरात एकावर एक रचून ठेवली, सवडीनं बघू म्हणून. तीन आठवड्यांनी उघडली तर दोन खोक्यांत साडीऐवजी जुनी चादर. ॲपवाल्यांनी मुदत उलटल्याचं कळवलं, विषय संपला. उरलेल्या साड्यांचं काय झालं ते 2019 च्या ऑगस्टला विचारा. कृष्णेचं पाणी तळमजल्यावर आलं तेव्हा माल खालीच होता. तुम्ही सांगलीवाडीत आहात, तुम्हाला पूर मी काय सांगावा? पण जुलै-ऑगस्टमध्ये माल वरच्या मजल्यावर, आणि पाणी चढायला लागलं की इन्स्टाग्रामच्या पानावर ‘ऑर्डर आठ दिवस बंद’ अशी पाटी. पोच द्यायला जमणार नसताना घेतलेली ऑर्डर ही आपणहून विकत घेतलेली तक्रार.

कागदपत्रांचं. तुमचं अन्न परवान्याचं रजिस्ट्रेशन आहे हे चांगलं, त्याचा 14 आकडी नंबर तिन्ही पाकिटांवर हवा. बहिणीच्या हातातल्या बेदाण्याच्या पाकिटावर तो नव्हता. पॅक केल्याचा महिना-वर्षही नव्हतं. निव्वळ वजन, सर्व करांसह कमाल किंमत, तुमचं नाव-पत्ता, तक्रारीचा फोन, हे सगळं वजनमाप खात्याच्या नियमात येतं, आणि ऑनलाइन विकताना ही बहुतेक माहिती पानावरही दिसायला लागते.

जीएसटीबद्दल मात्र जरा थांबून वाचा. ‘चाळीस लाखांपर्यंत लागत नाही’ असं तुम्हाला कुणीतरी सांगितलेलं दिसतं. मालाच्या बाबतीत ते महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात विकण्यापुरतं खरं. तुमच्या यादीत बेंगळुरूचे सात आणि हैदराबादचे चार पत्ते आहेत. करपात्र माल राज्याबाहेर विकला की ती मर्यादा उपयोगाची नाही, पहिल्या पाकिटापासून नोंदणी लागते. छोट्या व्यापाऱ्यांची ठोक दरानं कर भरायची कंपोझिशन योजनाही राज्याबाहेरच्या विक्रीला चालत नाही. एखाद्या मोठ्या ॲपवर जायचं ठरवलंत तर 1 ऑक्टोबर 2023 पासून राज्यातल्या राज्यात विकणाऱ्या लहान विक्रेत्यांना नोंदणीतून सवलत आहे, पण तिथंही सीमा ओलांडायची नाही. म्हणून दोनपैकी एक करा. बाहेरच्या ऑर्डरी तूर्त थांबवा, किंवा कर सल्लागाराकडं जाऊन रीतसर नंबर घ्या. अकरा पार्सलांसाठी मी तरी थांबवल्या असत्या. बेंगळुरूतले मराठी लोक वाढायला लागले की नंबर घ्या.

हळदीच्या पाकिटावर ‘जीआय मानांकित सांगली हळद’ छापलंय. सांगलीच्या हळदीला 2018 मध्ये हे भौगोलिक मानांकन, म्हणजे त्या भागाच्या मालाची सरकारी ओळख, मिळालं हे खरं, पण ते नाव मानांकन म्हणून वापरायला अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करावी लागते. ती होईपर्यंत ‘सांगली बाजारातून आणलेली हळद’ लिहा, तेही पुरेसं आकर्षक आहे. आणि त्याखालची ‘कर्करोगावर गुणकारी’ ही ओळ आजच काढा. खाण्याच्या वस्तूवर रोग बरा करण्याचा दावा चालत नाही, दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला दहा लाखांपर्यंत दंडाची तरतूद आहे. पारदर्शक पाकीटही बदला. उजेडानं हळदीचा रंग उडतो, आणि मग गिऱ्हाईक भेसळीचा संशय घेतं.

सध्या घरगुती मसाल्यांचं नुसतं पेव फुटलंय, दर दुसऱ्या गल्लीत एक ‘ब्रँड’. त्यांतले कितीतरी जण एका पार्सलचा हिशोब न मांडताच फॉलोअर वाढवून देणाऱ्यांना पैसे देतात. तुम्हालाही असा कुणी भेटला असेल किंवा भेटेल. दोन महिने जाहिरात निम्मी करा आणि तो वेळ जुन्या 138 गिऱ्हाइकांना द्या. त्यांचे फोन नंबर एका साध्या वहीत उतरवून घ्या, कारण उद्या इन्स्टाग्रामचं खातं कुणी हॅक केलं तर ही माणसं तुमच्याकडं उरली पाहिजेत. हळद संपायला साधारण किती दिवस लागतात ते तुम्हाला ठाऊक आहे. तेवढ्या दिवसांनी एक मेसेज. त्या ऑर्डरीला जाहिरातीचे 60 लागत नाहीत.

धंद्याचं खातं वेगळं काढा. सध्या चुरमुऱ्याचे पैसे आणि पोराच्या शाळेची फी एकाच खात्यातून जाताना दिसतात. आणि पहिल्या महिन्यापासून तिघींची मजुरी खर्चात लिहा, भले ती द्यायला पैसे नसोत. कागदावर तरी सासूबाईंचं नाव येऊ दे.

दिवाळीच्या आधीच्या दोन महिन्यांत फक्त साठ पार्सलं या नव्या पद्धतीनं पाठवा आणि दोन्ही महिन्यांची पानं मला धाडा. सूट आणि रोखीचे 40 वजा करूनही पार्सलमागे साठ-सत्तर उरले आणि परती साठात तीन-चारच्या वर गेल्या नाहीत, तर तीन लाखांचं नाही, पण वीस-पंचवीस हजारांच्या मालाचं बोलू.

एक राहिलंच. बहिणीकडं पोचलेलं भडंग मऊ पडलं होतं. ती झिपची पिशवी हवा अडवत नाही, जाड पाकीट घ्या आणि हातानं दाबायचं सीलिंग मशीन आणा. चव मात्र अशी की कढईत पुन्हा जरा परतून तिनं सगळं संपवलं आणि मला फोन केला, ‘अजून एक मागव ना.’ मी सांगितलं, या वेळी तू मागव, आणि पैसे आधी भर.